खंड्याला दूधभात

दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी. हातातलं काम: विळे घासणे.

लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. विळे पावसाळाभर सपरीच्या, म्हणजे पडवीच्या, वाशाला खोचलेले असतात, त्यामुळे खाली काढले तेव्हा गंजून लाल झाले होते. नवमीला आमच्याकडे शेतीच्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावतात. मी आधी घासते, मग कुंकू लावते. गावातली बरीच माणसं गंजावरच कुंकू लावतात, हात जोडतात आणि कापणीला विळा चालला नाही की लोहाराला शिव्या घालतात.

विटेचा भुगा घेऊन मी वाडीतल्या बोअरच्या ओट्यावर बसले होते. घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला आम्ही वाडी म्हणतो. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या बाजूला, आणि घर गावाच्या अगदी टोकाला आहे. वाडीचं काट्यांचं कुंपण संपलं की आमच्या बांध्या लागतात, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेले धानाचे तुकडे, आणि त्यांच्या पलीकडे बोडी, म्हणजे लहानसा तलाव. ओट्यावर बसलं की हे सगळं समोर असतं. त्यामुळे पक्षी बघायला मला कुठे जावं लागत नाही. काम करताना मान वर केली की ते दिसतात, आणि बहुतेक वेळा ते माझंच काहीतरी खात असतात.

पोपट पेरू खातात. खातात म्हणणंही चूक आहे. एका पेरूला एक चोच मारतात आणि दुसऱ्यावर जातात, लग्नाच्या पंगतीत ताटात टाकून उठणाऱ्या पाहुण्यांसारखे. बुलबुल लाल मिरच्या नेतात. मुनियांचे थवे दूध भरलेल्या लोंब्यांवर उतरतात. मोर भुईमुगाची ओळच्या ओळ उकरून टाकतो, आणि तो राष्ट्रीय पक्षी असल्यामुळे त्याला काही बोलायची सोय नाही. कोतवाल आणि बगळे कामाचे. कोतवाल अळ्या टिपतो, बगळे ट्रॅक्टरमागे चालून किडे साफ करतात आणि मजुरी मागत नाहीत.

आणि पंपाच्या तारेवर नीलकंठ. पाऊस ओसरला की तो तिथे येऊन बसतो. बसतो म्हणजे बसतोच, खुर्ची मिळालेल्या साहेबासारखा. खाली गवतात एखादा नाकतोडा हलला तरच उठतो, उचलतो आणि परत जागेवर. बसलेला असताना रंगाने अगदी मातकट दिसतो, धुवायला टाकलेल्या खाकी पँटसारखा. पंख उघडले तरच त्याचा निळा रंग दिसतो. त्यामुळे बहुतेकांना तो दिसतच नाही, कारण सगळे निळं काहीतरी शोधत असतात.

थंडीत आमच्याकडे पक्षी बघणारी माणसंही येतात. पुढच्या तलावावर सारस उतरतात असं त्यांना कुठेतरी कळलेलं असतं. जंगलाच्या रंगाचे कपडे, डोक्यावर तसलीच टोपी आणि ह्या सगळ्याच्या वर झगझगीत पांढरी गाडी. ती बांधावरून चालत नाहीत, धानातून चालतात. मागच्या थंडीत एकाने मला हाताने खूण करून ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं. आवाजाने पक्षी बिचकतात म्हणे. ट्रॅक्टरमागे बगळ्यांची रांग चाललेली होती. मी ट्रॅक्टर बंद केला नाही आणि बगळेही बिचकले नाहीत. बिचकला तो फक्त त्याचा कॅमेरा धरलेला मित्र, कारण त्याचा पाय चिखलात पोटरीपर्यंत गेला होता.

पण ही माणसं निदान पक्षी पाहून निघून जातात. दसऱ्याची माणसं वेगळी.

आमची जात फार पूर्वी माळव्यातून इकडे आली असं सांगतात. येताना काय काय आणलं ते कोणाला ठाऊक नाही, पण दसऱ्याला नीलकंठ पाहायचा, हे मात्र नक्की आणलं. सकाळी काही खाण्याआधी तो दिसला पाहिजे, त्याला हात जोडले पाहिजेत, की वर्ष चांगलं जातं. संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच असतो: दिसला का? कोणी म्हणतो, मोटारसायकलवरून जाताना दिसला. कोणी म्हणतो, बसच्या खिडकीतून दिसला. दिसला नाही असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एवढे नीलकंठ जिल्ह्यात असते तर नाकतोडा औषधाला उरला नसता.

तर मी विळे घासत होते आणि फोन वाजला. धाकटे दीर. ते गोंदियाला प्लॉट विकायचा धंदा करतात. त्यांच्या तोंडी प्रत्येक जमीन रस्त्याला लागून असते.

"वहिनी, उद्या पाहुणे बोलावले आहेत तुमच्याकडे. आमगावचे, राइस मिलवाले. माझ्या पोरीसाठी बोलणं चालू आहे ना, तेच."

"या. किती माणसं?"

"ते दोघं नवरा-बायको आणि मी. पण ऐका, खास गोष्ट. त्यांच्या घरी नीलकंठाचं फार आहे. दर्शन झाल्याशिवाय ते दसऱ्याला पाणी पण पीत नाहीत. तर मी म्हटलं, आमच्या वाडीत या, आमचा नीलकंठ घरचाच आहे."

"घरचा?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं, पंपाच्या तारेवर बसते म्हणून."

"बसतो. माझ्या सांगण्यावरून बसत नाही."

"ते मी पाहतो. टेन्शन नका घेऊ."

ज्या माणसाने टेन्शन नका घेऊ म्हटलं आहे, त्याचं काम शेवटी मलाच निस्तरावं लागतं, हा माझा अनुभव आहे. मी विळा धुऊन बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला.

संध्याकाळी दीर गाडी घेऊन मुक्कामालाच आले. सोबत एक माणूस होता. आठवडी बाजारात कापडाखाली झाकून लावे आणि तितर विकणारा. त्याला मी ओळखत होते, त्यानेही मला ओळखलं आणि नजर चुकवली. त्याच्या एका हातात पोपटाचा रिकामा पिंजरा आणि दुसऱ्या हातात बारीक काड्यांची जुडी होती. काड्यांना काहीतरी चकचकीत फासलेलं होतं.

"काय आहे हे?" मी दिरांना विचारलं.

"वडाचा चीक. काही नाही होत त्याने. पक्षी बसला की जरासा चिकटते, बस. उद्या ऐन वेळेला तो उडून गेला तर पाहुण्यांसमोर माझी काय इज्जत राहील? एक दिन का सवाल आहे वहिनी. दर्शन झालं की सोडून देऊ."

"रानातला पक्षी पिंजऱ्यात धरणं गुन्हा आहे. वनरक्षकाने पाहिलं तर पोरीच्या सासरऐवजी तुमचंच ठिकाण ठरेल."

"दसऱ्याच्या दिवशी कोण वनरक्षक येते इथं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाटेवर बसून मोबाइलवर हवामान बघत होते. ह्यांचं म्हणणं असं, की ह्यांचं काही म्हणणं नाही. आमच्या लग्नापासून हे असंच आहे आणि त्याचं श्रेय गावात शांत स्वभावाला दिलं जातं.

सासूबाई सपरीत बसल्या होत्या. त्यांना दूरचं अजून चांगलं दिसतं, जवळचं दिसत नाही. त्यांनी त्या माणसाच्या काड्या हातात घेऊन नाकाशी धरल्या.

"नीलकंठाले चीक लावून आनतेस?" त्या मुलाला म्हणाल्या. "मंग देवाले बी हातकडी लावून आन."

"आई, तू चूप ना."

मी त्या बाजारवाल्याला म्हटलं, "खांबावर चढायचं असेल तर चढा. रात्रभर तारेत लाइन असते. मागच्या महिन्यात एक वानर चढलं होतं, ते तिथूनच खाली आलं, पण एकदमच आलं."

तो खांबाकडे पाहत राहिला. लाइन आमच्याकडे रात्री असते आणि दिवसा नसते, हे त्यालाही माहीत होतं. मग दीर आणि तो कुजबुजले आणि तो काड्या घेऊन बोडीच्या बाजूने गेला. मला वाटलं, आता हात हलवत परत येईल.

दसऱ्याच्या पहाटे मी पुरणाची डाळ चढवली तेव्हा पिंजरा गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेल टाकून ठेवलेला होता. गाडीला कुलूप होतं आणि बाजारवाला पैसे घेऊन गेलेला. मी काचेतून टॉवेलच्या फटीत पाहिलं. लाल चोच. तपकिरी डोकं, गळा पांढरा, पाठ निळी. खंड्या. बोडीच्या काठावर, पाण्यावर वाकलेल्या फांदीवर बसून मासोळ्या मारतो तो.

दीर आंघोळ करून आले तेव्हा मी सांगितलं, "भाऊजी, हा नीलकंठ नाही. खंड्या आहे."

त्यांनी गाडी उघडली. मग टॉवेल उचलून पाहिलं. "निळा आहे ना?"

"निळा आहे."

"मग झालं."

"निळी तर तुमची गाडीही आहे. तिलाही हात जोडायला लावा."

"वहिनी, तुम्ही पुरणाचं पहा ना." आणि त्यांनी कुलूप परत लावलं.

मी पुरणाचं पाहिलं. पंचवीस पोळ्या लाटायच्या होत्या, वडे तळायचे होते आणि पाहुण्यांनी पाणीही प्यायलेलं नसणार होतं, म्हणजे आल्याबरोबर ताटं लागायला हवी होती. तासाभराचा तमाशा आहे, मग पिंजरा उघडेल, असं मी धरून चालले.

पाहुणे आले. राइस मिलवाले उंच, पांढऱ्या सफारीत, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. त्यांच्या पत्नी हातात चांदीची वाटी घेऊन उतरल्या, वाटीत घरून आणलेला दूधभात. नीलकंठाला दूधभात देतात. ही रीत ज्याने काढली त्याने नीलकंठ खाताना कधी पाहिलेला नसणार. ज्या मुलीचं लग्न ठरत होतं ती नागपूरला नोकरीवर होती, तिला रजा नव्हती. मुलगा हैदराबादला होता, त्यालाही नव्हती. लग्न करणारे दोघे सोडून बाकी सगळे जमले होते.

दिरांनी पिंजरा वाडीत आणून तुळशीशेजारी स्टुलावर ठेवला. पिंजऱ्याला झेंडूचा हार घातलेला होता. खंड्या दांडीवर नव्हता, खाली जाळीवर बसलेला होता. पंख अंगाला गच्च, चोच अर्धवट उघडी. असा उघड्या चोचीने बसलेला पक्षी घाबरलेला असतो हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही बाईला कळतं.

"वा!" मिलवाले म्हणाले. "किती जवळून दर्शन."

"घरचाच आहे पाहुणेजी," दीर म्हणाले. "रोज वाडीत येते. वहिनींच्या हातचं खाते."

मी वड्याचा झारा हातात घेऊनच दारात उभी होते. सगळ्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. ह्यांनीही जोडले. मिलवाल्यांच्या पत्नींनी दूधभाताचा एक घास जाळीतून आत सारला. खंड्याने मान मागे घेतली. त्यांनी पुन्हा सारला. आता भात त्याच्या चोचीला आणि पांढऱ्या गळ्याला चिकटला.

"लाजून राहिला," दीर म्हणाले.

"तो मासे खाते," सपरीतून सासूबाईंचा आवाज आला. "लाल चोच दिसत नाई का तुमाले? नीलकंठ काय लाली लावून येते का?"

"आईला आता नीट दिसत नाही," दीर पाहुण्यांना हळूच म्हणाले.

"मले इथून तुया खिशातला मोबाइल दिसते," सासूबाई म्हणाल्या.

आता मला राहवलं नाही. वाडीच्या कुंपणापलीकडे, पंपाच्या तारेवर, नेहमीच्या जागी तो बसलेला होता. मी झाऱ्याने दाखवलं. "पाहुणे, इतक्या लांबून उपाशी आलात, तर खरा पाहून घ्या. तो बघा तारेवर. तो नीलकंठ."

मिलवाल्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. पत्नींनीही पाहिलं.

"तो?" मिलवाले हसले. "तो तर मातकट आहे हो. कुठलातरी साधा पक्षी."

"उडाला की निळा दिसतो."

"उडते कुठं?"

उडाला नाही. साहेबासारखा बसूनच राहिला. माणसांच्या गरजेला उपयोगी पडायची त्याला सवय नाही, आणि त्या बाबतीत मी त्याला दोष देत नाही. मिलवाले पिंजऱ्याकडे वळले. "वहिनी, पक्षी कोणता ते एवढं महत्त्वाचं नाही. भावना पाहिजे." ज्याची मिल आहे त्याला तांदळाच्या बाबतीत असं कोणी सांगून पाहावं. जाड्या तांदळाच्या पोत्यावर बारीक तांदळाचं नाव टाका आणि म्हणा, जात महत्त्वाची नाही, भावना पाहिजे.

मग त्यांना आठवलं की नीलकंठ उडताना पाहिला तर जास्त चांगलं. दिरांचा चेहरा उतरला. "पाहुणेजी, आधी जेवण करू, मग..." पण मिलवाल्यांनी तोवर पिंजऱ्याचं दार वर केलं होतं. खंड्या आधी हलला नाही. त्यांनी पिंजरा थोडा वाकडा केला. तो दारातून बाहेर घसरला आणि उडायच्या ऐवजी दगडासारखा खाली, त्यांच्या पायाशी, माझ्या मेथीच्या वाफ्यात पडला.

तेलात वडा जळत असल्याचा वास मला आला आणि मी आत पळाले.

बाहेर आले तेव्हा सगळे हातपाय धुऊन ताटांवर बसायला निघाले होते. पक्षी दमला आहे, त्याला विश्रांती घेऊ द्या, असं दीर सांगत होते. मेथीचा अर्धा वाफा पायांनी दबला होता आणि त्याच्या मधोमध खंड्या पंख न उघडता बसलेला होता. मी टॉवेल टाकून त्याला उचललं. त्याने टॉवेलमधून माझ्या अंगठ्याला चोच मारली आणि रक्त काढलं. ताकद होती म्हणजे. मी त्याला उपड्या टोपल्याखाली ठेवलं, वर दगड ठेवला आणि पाहुण्यांना वाढायला गेले. मिलवाल्यांनी सात पोळ्या खाल्ल्या. त्यांच्या पत्नींनी मला पुरणात जायफळ जरा कमी आहे असं सांगितलं.

ते गेले. दीरही त्यांच्यासोबत गेले.

दुपारी मी टोपलं उघडलं. दोन्ही पंख आवळून काळा दोरा बांधलेला होता, अंगातल्या पिसांत असा की वरून दिसू नये. दोरा ब्लेडने कापला. पण पंख तरीही उघडेनात. उडायची लांब पिसं चिकाने एकमेकांना चिकटून लाकडी पट्टीसारखी झाली होती. सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"मरते काय?"

"असंच राहिलं तर मरेल."

"फणसाचा चीक हाताले लागला तर काय लावतेस?"

"तेल."

"मंग?"

जवसाचं तेल घेतलं. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर फडकं धरलं, म्हणजे तो शांत राहतो, आणि मी एकेक पीस बोटांच्या चिमटीत धरून तेल चोळत चीक सोडवत गेले. काही पिसं तुटली. चीक निघाला की अंग तेलकट राहिलं, म्हणून मग रिठ्याच्या कोमट पाण्याने कापसाने पुसून काढलं. काम चिवट होतं. जळलेली कढई घासण्यासारखं, फक्त कढई चावत नाही. सासूबाईंना दोनदा चावला.

"देवाच्या नावानं धरला ना याले?" त्या म्हणाल्या. "हा तर माया पोराच्या नावानं चावून राहिला."

खायला काय द्यायचं हा प्रश्न नव्हता. बांधाच्या कडेला, जिथून एका बांधीतलं पाणी दुसरीत पडतं, तिथे मासोळ्या अडकतात. गाळणीने थोड्या काढल्या. त्याची चोच बोटाने उघडून पहिली घातली, दुसरी त्याने स्वतः हिसकावली. सकाळपासून चोचीला चिकटून वाळलेला भात तेव्हा निघाला.

त्याला टोपल्याखाली ठेवून मी हात धूत होते, तेवढ्यात फोन आला.

"वहिनी, काम झालं!" दिरांचा आवाज फुललेला होता. "मी तर घाबरलोच होतो. पण पाहुणे गाडीत काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, पक्षी येऊन माझ्या पायाशी पडला, म्हणजे लक्ष्मीच पायाशी आली. असं आजपर्यंत कोणाला झालं नाही म्हणे. एकदम पक्कं. दिवाळीनंतर साखरपुडा."

"बरं झालं."

"आता ऐका. तो पक्षी सांभाळून ठेवा. साखरपुडा आपल्या वाडीतच करायचा आहे. पाहुण्यांची म्हातारी आई आहे, तिला पण दर्शन पाहिजे. त्याला दूधभात देत जा रोज."

"भाऊजी, तो दिवाळीपर्यंत पिंजऱ्यात जगणार नाही."

"नाही जगला तर दुसरा आणू. त्या माणसाला मी सांगून ठेवतो, दोन-तीन धरून ठेव म्हणून. त्यातला एखादा तर राहील."

हे ते अगदी सहज बोलले, मंडपवाल्याला चार खुर्च्या जास्त आणायला सांगावं तसं. मिलवाले मूर्ख आहेत ते त्यांच्या भक्तीने. माझे दीर भक्तही नाहीत.

मी म्हटलं, "त्या माणसाला सांगून ठेवू नका. तो काड्या घेऊन बोडीवर पुन्हा दिसला की मी वनरक्षकाला फोन करीन. डुकरांनी धान तुडवला तेव्हा पंचनाम्याला तेच आले होते, नंबर आहे माझ्याकडे."

"घरच्या माणसावर?"

"घरचे आहात म्हणून आधी सांगते. बाहेरच्याला आधी सांगितलं नसतं."

"पोरीच्या लग्नात तुम्ही खोडा घालून राहिल्या वहिनी."

"पोरीचं लग्न पक्ष्यावर अडलं असेल तर पोरीला विचारा. तिला हे सगळं माहीत आहे का?"

ते म्हणाले, "दादाला द्या फोन."

मी फोन ह्यांना दिला. हे बराच वेळ हं, हं करत होते. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेव ना. एवढ्यासाठी कायले भांडतेस? एक पक्षी."

"एक नाही. तुमचा भाऊ दोन-तीन म्हणतो."

"त्याचं तो पाहील."

"आजवर त्याचं त्याने काय पाहिलं आहे?"

ह्यांनी हवामान उघडलं. संध्याकाळी लोक पानं घेऊन येत राहिले आणि प्रत्येकाने विचारलं, दिसला का? सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "दिसला. तारेवर होता. पाहुन्याले दाखवला तं म्हने, मातकट हाय." लोक हसत होते, आणि मग आपापल्या नीलकंठाची गोष्ट सांगत होते. एकाने तर दोन पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी टोपल्यावरचा दगड काढला. खंड्या जिवंत होता आणि रागात होता. पिसं वाळून मोकळी झाली होती, एका पंखात मधे फट पडलेली. हे अंगणात दात घासत होते. माझ्या हातात टोपलं पाहून त्यांनी तोंडातला ब्रश काढला, पण फेसामुळे बोलता आलं नाही, आणि फेस थुंकेपर्यंत मी कुंपणाबाहेर होते.

बोडीच्या काठावर पाण्यात वाकलेली एक बाभूळ आहे. तिच्या बुंध्यावर टोपलं आडवं केलं. तो बाहेर आला, बसला, अंग झटकलं. मी थांबले नाही तर तो उडाला की नाही ते कळणार नव्हतं, आणि ते कळणं गरजेचं होतं, कारण उडाला नसता तर परत आणून आणखी मासोळ्या घालाव्या लागल्या असत्या. म्हणून थांबले. त्याने एकदा पंख उघडून मिटले. मग खाली झेपावला, पाण्याला टेकणार असं वाटलं, आणि पाण्यावरूनच तिरका, धापा टाकल्यासारखा जात पलीकडच्या काठाच्या झुडपात घुसला. तिथून त्याने ओरडून घेतलं. आवाज चांगला होता.

परत येताना बाभळीच्या खालच्या फांद्यांना त्या बाजारवाल्याच्या चार काड्या अजून चिकटलेल्या दिसल्या. त्या काढल्या आणि घरी आणून चुलीत घातल्या. पिंजऱ्याचं दार उपटून टाकलं, झेंडूचा हार शेळीला दिला, आणि पिंजरा दबलेल्या मेथीच्या वाफ्यावर उपडा ठेवला, म्हणजे कोंबड्या उकरणार नाहीत. दिरांचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. मजूर बाया येऊन सपरीत बसल्या होत्या. त्यांना घासलेले विळे वाटले आणि पहिल्या बांधीत कापणीला उतरले.